पेट्रोलमातेचा पाळणा

"हलवा! हलवा! मातेले झोका द्या!"

अनसिंग रोडवरच्या पेट्रोल पंपावर गुरुवारी सकाळी आठ वाजता निम्मं वाशीम लोटलं होतं. मधोमध आमच्या ओळखीच्या किसनसिंगांची पांढरी छोटी कार उभी होती, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून तरणीताठी पोरं हलवत होती. कार बिचारी डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, तिचे शॉकअप कुईकुई करायचे. बायका टाळ्यांवर गात होत्या, "हलवा माय हलवा, गाडीमाय झुलवा!" कारच्या टाकीत पेट्रोलची नळी खुपसून हरीओम नावाचा भगवा शेला घेतलेला शिष्य थेंब थेंब पेट्रोल सोडत होता. आणि समोर, ऑइलच्या डब्यांच्या मांडणीला टेकवलेल्या सिंहासनावर श्री श्री इंधनानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

हो, इंधनानंद. नाव ऐकून मीही आधी हसलेच होते.

मी वैजयंती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवून शिकवून आता रिटायर झालेली. माझा स्वभाव जरा तिखट आहे, हे सगळा गाव सांगतो, म्हणून मीही सांगून टाकते. त्या दिवशी मला पंपावर ओढून आणलं होतं माझ्या भाच्यानं, मुकेशनं. तो कार हलवणाऱ्या पोरांत सगळ्यांत पुढे होता, घामाघूम, आणि चेहऱ्यावर असा भक्तिभाव की त्याच्या आईच्या पाया पडताना मी तो कधी पाहिला नाही.

महाराजांनी डोळे उघडले. पाळणा थांबला.

"भक्तहो," महाराज म्हणाले, "तुमी म्हनता गाडी पेट्रोल पिते. चूक! गाडी पेट्रोल पीत नाई, पेट्रोल गाडीले पिते! पेट्रोलमाता जमिनीच्या पोटात करोडो वर्षं झोपली होती. तिले भडाभडा ओतून तुमी दचकवून उठवता, ती कोपते, आन अॅव्हरेज पडते. तिले पाळण्यात झुलवून अलगद निजवा. मंग हे क्वांटम कंपन यंत्र लावा. पिकप बी वाढीन, अॅव्हरेज बी वाढीन!"

यंत्र म्हणजे तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं, त्याला हळदकुंकू आणि मधोमध एक वाळका लिंबू. क्वांटमचा लिंबाशी काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात महाराजांचा दुसरा शिष्य कापूर पेटवायला निघाला. पेट्रोल पंपावर! पंपाचा मॅनेजर किंचाळत धावला, म्हणून माता आणि भक्त दोघंही वाचले. मग बॅटरीवरच्या दिव्यानं आरती झाली.

टाकी काठोकाठ भरली. पेट्रोल तोंडाशी दिसायला लागलं, थोडं बाहेरही सांडलं. पंपभर वास सुटला तर महाराज म्हणाले, "हा मातेचा सुगंध." किसनसिंग पोहरादेवीला दर्शनाला निघाले. जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. मला राहवलं नाही म्हणा ना. किसनसिंग हॉर्न वाजवत परत आले, सरळमार्गी माणूस, वाटेत कुठे पेट्रोल टाकलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. हरीओमनं नळी टाकीत घातली, दट्ट्या दाबला. पेट्रोल फसफसत गेलं आणि लगेच नळीतून आवाज आला, टक्.

महाराजांचा हात वर गेला. "थांब! मातेनं होकार दिला. आता एक थेंब जास्त नाई."

मशीनवर आकडा होता दोन लिटरच्या जरासा वर.

"शंभर किलोमीटरले दोन लिटर!" कोणीतरी ओरडलं. "बाप्पा बाप्पा! पन्नासचा अॅव्हरेज! आपल्या फटफटीले बी एवढा नाई!" आणि मग जी झुंबड उडाली यंत्रांवर, की हरीओमचा शेला फाटला. त्या झुंबडीत आमचा मुकेशही होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लिंबाचं भेंडोळं होतं.

मुकेशची गोष्ट सांगितली नाही तर तुम्हाला कळायचं नाही की एवढं शिकलेलं पोरगं असं का वागलं. माझा थोरला भाऊ शालिकराम शहराला लागून भाजीपाला पिकवतो, वांगी, मिरची, कोथिंबीर. वर्षापूर्वी घरात जुनी लाल कार आली. छोटी, पण तापट. पायानं जरा दाबली की उडी मारते. तेव्हापासून घरात रोज भांडण. बापाला अॅव्हरेज पाहिजे, पोराला पिकप.

"अशी दाबते जशी घोड्यावर बसला!" भाऊ म्हणायचा. "आमी मिरची इकून येतो आन हा धूर करते."

"मंग बैलगाडी घ्याची होती ना अप्पा! ओव्हरटेक करतानी गाडी उचलली नाई त समोरून ट्रक येते. पिकप पाह्यजेच!"

दोघंही आपापल्या जागी खरे होते. म्हणूनच महाराजांनी दोघांनाही एका दगडात टिपलं. घरात पहिल्यांदाच बाप आणि लेक एका मताचे झाले, आणि ते मत होतं इंधनानंद.

मी दुसऱ्याच दिवशी मळ्यात जाऊन भावाला समजावायला बसले. "भाऊ, तुह्या इहिरीत पानी तेवढंच असते ना? मिरचीले जास्त सोडलं त वांग्याले कमी पडते. पेट्रोलच्या थेंबात ताकद तेवढीच असते. ती पळण्यात घाल नाहीतर लांब जाण्यात घाल. जरा इकडे, जरा तिकडे जमवता येते. पण दोन्हीकडे तिप्पट कुठून येईन?"

भाऊ विडी विझवत म्हणाला, "वैजू, महाराजांनं इहिरीले नवा झरा फोडला असं समज."

घ्या! मी पोरांना वर्षानुवर्षं ऊर्जा शिकवली आणि माझा सख्खा भाऊ मला झरा शिकवतो.

"अवं बाई, फरक पडला खरंच," माझी वहिनी प्रयागबाई मध्ये बोलली. तिला कोणाचं भांडण सहन होत नाही. "मुकेश म्हने गाडी आता कशी पाखरावानी जाते."

"काय काय करायला सांगितलंय महाराजांनी?"

मुकेशनं नियम घडाघडा म्हणून दाखवले. पुढच्या पुढच्या गुरुवारपर्यंत व्रत. डिकी रिकामी, कारण डिकीतलं ओझं म्हणजे पापाचं ओझं. तेव्हा त्याचा तो छाती हादरवणारा स्पीकरचा डबा आणि वांग्यांचे रिकामे कॅरेट घरात आले. चाकांत हवा पुरती, म्हणजे वायुपूजन. एसी बंद. पाय अनवाणी आणि हलका, कारण पॅडलखाली माता. सगळं ठीक. पण शेवटचा नियम ऐकून माझे कान तापले.

"आन व्रत पुरं होईपर्यंत पेट्रोल टाकाचं नाई. काट्याकडे पाह्याचं नाई. काट्याकडे पाह्यनं म्हंजे संशय."

गाडीत जाऊन पाहिलं. पेट्रोलच्या काट्यावर लाल फडकं चिकटवलेलं.

"मुकेश, अरे डिकी रिकामी केली, हवा भरली, एसी बंद केला, पाय हलका ठेवला, तर कोणतीही गाडी हलकी पळेल! लिंबू कशाला पाहिजे?"

"आत्या, तुमचा विश्वासच नाई, म्हनून तुमच्या स्कूटरले अॅव्हरेज नाई."

मी चप्पल शोधत होते, मारायला नव्हे, घरी जायला. पण खरं सांगायचं तर दोन्हीसाठी.

त्याच संध्याकाळी माझ्या दारात तनुजा उभी. मुकेशची धाकटी बहीण. हातात नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक, डोळे लाल.

"आत्या, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी माही परीक्षा हाये अकोल्याले. सकाई गेट बंद होते. मांगच्या साली एसटी पातूरच्या अलीकडे बंद पडली, मी धावत गेली, आन गेट माह्या तोंडावर लागलं. आठवते ना तुमाले?"

आठवत होतं. पोरगी महिनाभर कोणाशी बोलली नव्हती.

"आता दादा म्हनते, मी नेतो कारनं. आन टाकीत काय हाये ते कोनालेच ठाऊक नाई, काट्यावर फडकं! अप्पाले म्हटलं भाड्याची गाडी करा, त म्हने घरची असतानी भाड्याची कायले? मी म्हटलं पेट्रोल टाका, त दादा म्हने व्रत मोडते. गाडी घाटात थांबली त काय करू मी? पुन्हा एक साल?"

तिचा आवाज शेवटी फुटला. मला इतका राग आला की वाटलं त्या महाराजालाच टाकीत बुडवावं.

"रडू नको. सोपं आहे," मी म्हणाले. "आदल्या दिवशी तू आणि मी गुपचूप पेट्रोल आणू आणि टाकीत ओतू. मुकेशला कळणार नाही. गाडी अकोल्याला जाईल, तू पेपर देशील, झालं."

तनुजानं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच व्रत धरलंय.

"आन नाव कोनाचं होईन? बाबाचंच ना! सगळे म्हनतीन, पाहा, व्रत धरलं आन बिना पेट्रोलची गाडी अकोल्याले जाऊन आली. मंग दादा पुढच्या खेपेले आजीले दवाखान्यात नेईन अशाच गाडीतनं. नाई आत्या. चोरून नाई. सगळ्याईसमोर उघडं करू."

 विज्ञानाची मास्तरीण मी, पण त्या घटकेला शहाणपण तिचं होतं.

"पण उघडं काय करणार?" मी म्हणाले. "किसनसिंग खोटं बोलत नाहीत. मशीन खोटं बोलत नाही, तिथे सरकारी शिक्का आहे. गाडी गेली, आली. दोन लिटरच गेलं. मी स्वतः पाहिलं. मग गोम कुठे आहे?"

ती गोम आम्हाला पंपावर नाही सापडली, मळ्यात सापडली.

बुधवारी सकाळी मी मळ्यात गेले होते. वांग्यांची तोड झाली होती आणि नेहमीचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. आमच्याकडे वांगी कॅरेटवर जातात, ते प्लास्टिकचं जाळीदार खोकं असतं ना, ते. भावानं कॅरेट भरून ठेवली होती. व्यापाऱ्यानं एकेक उचललं, जमिनीवर आपटलं, गदागदा हलवलं. वांगी खाली बसली, वर जागा झाली.

"टाका शालिकरामभाऊ, अजून टाका. भरलं नाई हे."

भावानं दात खात अजून वांगी टाकली. टेम्पो गेल्यावर तो सुरू झाला. "पाह्यलं वैजू? घेतानी असा हलवून हलवून घेते! आन बजारात गिऱ्हाइकाले देतानी? अलगद भरते, हातसुदीक लावत नाई. कॅरेट तेच, पन घ्याचं माप अलग आन द्याचं अलग. असाच बंगला बांधला त्यानं."

तनुजा वांगी निवडत बसली होती. तिच्या हातातलं वांगं तसंच राहिलं.

"अप्पा, पुन्हा सांगा."

"काय सांगू? तोच त धंदा त्याचा. भरतानी हलवाचं, मोजतानी हलवाचं नाई."

ती ताडकन उठली. बांधावर फवारणीचा पाठीवरचा पंप पडला होता. तो धुऊन तिनं हौदाजवळ नेला आणि त्यात पाणी ओतायला लागली. पाणी तोंडाशी आलं, बुडबुडे आले, उतू गेलं. "भरला?" तिनं मला विचारलं. "भरला," मी म्हणाले. मग तिनं तो पंप डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, हलवला. बुडूक, बुडूक. आतली हवा बाहेर आली आणि पाणी खाली गेलं. तिनं अजून ओतलं. पुन्हा हलवलं, पुन्हा ओतलं. अख्खा तांब्या आणखी मावला.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून असं हसलो, की प्रयागबाई घरातून धावत आली, तिला वाटलं कोणाला ऊन लागलं.

आता मला सगळं लख्ख दिसलं. कारची टाकी काही गोल घागर नसते. सीटखाली मावावी म्हणून ती वेडीवाकडी केलेली असते, वर कोपऱ्यांत हवा अडकते. शिवाय वर मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. म्हणून नळी टाकी खरी काठोकाठ भरायच्या आधीच टक् करून बंद होते. मातेचा होकारबिकार काही नाही, पेट्रोल नळीच्या टोकाला लागलं की ती आपोआप थांबते, तशी बनवलेलीच असते. सकाळी महाराज त्या टक्च्या पुढे, हलवून हलवून, थेंब थेंब, अगदी गळ्यापर्यंत भरवतात. म्हणजे टक्च्या वर चांगलं तीन-चार लिटर जास्त. संध्याकाळी मात्र पहिल्याच टक्ला हात वर! गाडीनं खाल्लं सहा लिटर, पण मशीनवर दिसतं दोन. बाकीचं चार सकाळच्या पाळण्यातच निजलेलं असतं.

आणि गंमत अशी की हे सगळं भर उजेडात, शेकडो लोकांसमोर चाललं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. आपणच टाळ्या वाजवत होतो.

"मी उद्या जाऊन ठणकावून सांगते," मी पदर खोचला.

"तुमी नका सांगू आत्या," तनुजा म्हणाली. "तुमी सांगितलं की लोकं म्हनतीन, मास्तरीण बाई चिडली. लोकाईच्या हातानंच करू. त्याइले पाळणा लय आवडते ना? मंग पाळणाच हलवू."

गुरुवार उजाडला. पंपावर मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी. या वेळी लोक अगदी रिठद गावाहून आले होते. सकाळी पुन्हा किसनसिंगांच्याच गाडीचा पाळणा झाला, मुकेश पुढे होताच. गाडी पोहरादेवीला गेली आणि संध्याकाळी आली. हरीओमनं नळी घातली. टक्. महाराजांचा हात वर. आकडा, दोनच्या जरा वर. जयजयकार!

"आता आलेल्या भक्ताईनं रांगेत..." हरीओमनं यंत्रांची पेटी उघडली.

तेवढ्यात तनुजा पुढे आली. हात जोडलेले, डोक्यावर ओढणी. मी तिच्या मागेच उभी होते. ही पोरगी आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती.

"महाराज," ती म्हणाली, "एक इनंती. माता एवढं लांब जाऊन आली, थकली असन. सकाई पाळण्यात निजवलं, मंग आता काहून नाई? लेकराले कोनी एकदाच झोका देते का?"

गर्दीत बायका माना डोलवायला लागल्या. "खरं म्हनते पोरगी!" "बिचारी माता!" वच्छलाबाई म्हणून आमच्या गल्लीतल्या, आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा, त्यांनी तर सूरच धरला, "हलवा माय हलवा..."

महाराज गडबडले. "नाई, नाई! आता माता जागी हाये! जागीले झुलवत नसतात!"

"मंग थकली की जागी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "लेकरू जागं असन तवाच त झोका द्या लागते बापा! निजलेल्याले कोन देते?"

हशा पिकला. तनुजानं गर्दीत भावाकडे पाहिलं.

"दादा, हलव ना. सकाई तूच हलवली ना?"

मुकेश गोंधळला. एकदा महाराजांकडे बघे, एकदा बहिणीकडे. पण पाळण्यात वाईट काय असणार? बायका गात होत्या, टाळ्या पडत होत्या. त्यानं कारला हात घातला. त्याच्यामागे बाकीची पोरं आली. डावीकडे, उजवीकडे. कुईकुई, कुईकुई.

"आन हरीओमभाऊ, सकाईसारखंच थेंब थेंब सोडा," तनुजा म्हणाली.

हरीओमनं नळी मागे घेतली. तेव्हा किसनसिंगांनीच ती त्याच्या हातातून काढून घेतली. "माह्या गाडीच्या मातेले निजवाले मले परवानगी कायची?" आणि दट्ट्या हलकेच दाबला.

मशीनवरचा आकडा हलला. तीन लिटर. गाणं चालूच. पोरं हलवत होती. साडेतीन. चार.

कोणीतरी म्हणालं, "अरे, माता अजून पिते काय?"

साडेचार. आता गाण्याचा आवाज कमी व्हायला लागला. पाच. टाळ्या थांबल्या. फक्त कारचं कुईकुई आणि टाकीतलं बुडूक बुडूक. साडेपाच. सहा झाल्यावर पेट्रोल तोंडाशी दिसायला लागलं. अगदी सकाळी होतं तिथेच.

पंपावर इतकी शांतता झाली की रस्त्यावरची म्हैस रवंथ करताना ऐकू येत होती.

"किसनसिंगकाका," तनुजा म्हणाली, "सकाई जिथपर्यंत भरलं होतं तिथपर्यंत आता भरलं. सहा लिटर. शंभराच्या वर किलोमीटरले सहा लिटर. म्हंजे सतरा-अठरा. तुमच्या गाडीले पयले किती पडत होतं?"

किसनसिंगांनी नळी खाली ठेवली. "सतरा-अठराच पडत होतं पोरी."

"भरतानी हलवाचं, मोजतानी हलवाचं नाई," मागून एक आवाज आला. तो माझ्या भावाचा होता. शालिकराम गर्दीत उभा होता आणि त्याचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला होता. "आरे बापा! हा त आपला वांग्याचा व्यापारी निघाला! रोज सकाई मी त्याले शिव्या देतो, आन त्याच मापानं गुरुवारी ह्याले नमस्कार करतो!"

मग काय! पंपावर जो हास्याचा स्फोट झाला, तो पेट्रोलचा झाला असता तर गाव गेलं असतं. महाराज उठले. "तुमच्या संशयानं मातेचा कोप झाला! कंपन तुटलं! क्वांटम..."

"महाराज," प्रयागबाई पुढे आली. माझी वहिनी, जिला भांडण सहन होत नाही ती. तिनं पंपाच्या कोपऱ्यातल्या महाराजांच्या भल्यामोठ्या काळ्या गाडीकडे बोट दाखवलं. "तुमच्या गाडीले यंत्र काहून नाई लावलं?"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पंपावरच्या मशीनवाल्या पोरानं गरीब चेहऱ्यानं सांगितलं, "सकाई टाकी फुल्ल केली त्याइनं. टक्पर्यंत."

महाराजांनी पुढचं प्रवचन आवरतं घेतलं. माता कोपल्यावर भक्तही कोपतात, हे त्यांना कोणत्याही यंत्राशिवाय कळलं असावं. काळी गाडी एवढ्या पिकपनं निघाली की मुकेशसुद्धा बघत राहिला. नंतर कळलं, पूर्वाश्रमी महाराज कुठल्याशा पंपावर नळी धरत होते. यंत्रांची पेटी तिथेच राहिली. मी त्यातलं एक यंत्र उकललं. जळक्या पंख्याची तार होती. लिंबू मात्र खरा निघाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्या कायद्याखाली आम्ही पोलिसात तक्रारही दिली, किसनसिंगांनी पहिली सही केली.

पण माझ्यासाठी खरा क्षण त्यानंतरचा. मुकेश आपल्या लाल कारमध्ये जाऊन बसला होता, एकटा. तनुजा शेजारी जाऊन बसली.  मग त्यानं हात पुढे केला आणि काट्यावरचं लाल फडकं टरकन ओढलं.

काटा तळाला टेकला होता. लाल दिवा कधीपासून पेटलेला, फडक्याखाली.

"ताई," तो तिला म्हणाला. तो तिच्यापेक्षा मोठा, कधी ताई म्हणत नाही. "रविवारी अकोल्याच्या वाटेत मेडशीच्या पुढे गाडी गेली नसती."

"माहीत हाये," ती म्हणाली. "चाल, पेट्रोल टाक. टक्पर्यंत."

रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी मागे बसले होते, कारण हट्टी आत्या मागेच बसते. मुकेशनं नियम पाळले, आणि या वेळी कोणाच्या नावानं नाही. डिकी रिकामी, चाकांत हवा बरोबर. सपाट रस्त्यावर तो एका लयीत चालवत होता, वरचा गिअर वेळेवर टाकत होता, पुढचं वळण दिसलं की आधीच पाय उचलत होता, म्हणजे ब्रेक कमी. घाटात समोर उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मात्र त्यानं गिअर खाली घेतला, पाय दाबला, आणि लाल कारनं जी उडी मारली की माझा चष्मा नाकावरून घसरला.

"हा पिकप कशासाठी असते ते कळलं का आत्या?"

"कळलं बाबा. आता पुन्हा पाय उचल."

त्यानं उचलला. बाप आणि लेक दोघांचंही बरोबर होतं, फक्त कधी कोणाचं ऐकायचं ते पायाला कळायला हवं होतं. ते लिंबाला कधीच कळलं नसतं.

गेट उघडं होतं. तनुजा उतरली, ओळखपत्र काढलं, दोन पावलं गेली आणि परत आली. मला वाटलं काही विसरली. तिनं मुकेशच्या डोक्यात एक टपली मारली आणि आत पळाली. मुकेश डोळे पुसत होता. ऊन आलं म्हणाला. सकाळचे साडेसात वाजले होते, कुठलं आलंय ऊन!

आता मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्याही गावात कोणी ना कोणी पाळणा घेऊन येईलच, पेट्रोलचा नाही तर औषधाचा, नाहीतर गुप्तधनाचा. त्याच्याशी भांडायची गरज नाही. फक्त एवढं पाहा, की भरताना जे माप लावलं तेच मोजताना लावतोय का. हलवायचं तर दोन्ही वेळा हलवा. नाहीतर एकदाही नको. आणि कोणी काट्यावर फडकं बांधायला सांगितलं, तर आधी फडकं काढून पाहा, मग नमस्कार करा.

तनुजाचा निकाल अजून लागायचा आहे. प्रयागबाई रोज देवापुढे दिवा लावते, लावू दे, तिचा जीव आहे त्या पोरीत. पण परवा शेजारीण म्हणाली, परीक्षेसाठीही एक यंत्र मिळते म्हणे. तर माझी वहिनी, वांगी निवडता निवडता, मानसुद्धा वर न करता म्हणाली, "माह्या पोरीनं अभ्यास केला हाये. तेवढंच माप. ना जास्त, ना कमी."